वरच्या मजल्यावरच्या तरुणाचे नवे गाणे, पॉवर पॉप आणि रविवारपर्यंत द्यायचा अभिप्राय

मुलुंडकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

मी मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझे कान आकाशवाणीवर तयार झालेले आहेत. भावगीते, नाट्यपदे आणि थोडेफार शास्त्रीय संगीत एवढेच माझे ऐकणे, आणि गिटारच्या संगीताशी माझा संबंध मुलगा कॉलेजात असताना त्याच्या खोलीच्या बंद दाराआडून जेवढा आला तेवढाच.

आमच्या बरोबर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, सव्वा वर्षापूर्वी एक तरुण भाड्याने राहायला आला. दिवसा तो पवईला नोकरी करतो आणि रात्री जेवण झाल्यावर गिटार घेऊन बसतो. या पावसाळ्यात रोज साडेनऊच्या सुमारास छतातून एकच चाल ऐकू येऊ लागली. चार कॉर्ड (एकदम छेडलेले स्वरसमूह), एक ओळ, पुन्हा तेच चार कॉर्ड आणि पुन्हा तीच ओळ. महिनाभराने मी वर जाऊन आवाज थोडा कमी ठेवण्याची विनंती केली. त्याने क्षमा मागितली, आणि नंतर आठवडाभर वरून काहीच ऐकू आले नाही. त्या आठवड्यात माझ्या लक्षात आले, की भाजी निवडताना आणि बँकेच्या रांगेत उभा असताना मी ती अर्धवट चाल मनातल्या मनात पुरी करू पाहत होतो. मी पुन्हा वर गेलो आणि साडेदहापर्यंत खुशाल वाजव, असे त्याला सांगून आलो. तेव्हापासून आमची ओळख आहे.

त्याच्यामागे कोणतीही संगीत कंपनी नाही. गिटार, खालच्या सुरांची बेस गिटार आणि गळा त्याचाच. ड्रम तेवढे त्याने अंधेरीला तासावर खोली घेऊन मुद्रित केले. याआधीची दोन गाणी त्याने स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध केली आहेत आणि हे नवे गाणे पुढच्या शुक्रवारी येणार आहे. काल त्याने मला हेडफोन लावून ते संपूर्ण ऐकवले. तीन मिनिटे दहा सेकंदांचे गाणे आहे. पावसाच्या पाण्यामुळे सायन आणि कुर्ला यांच्यामध्ये लोकल थांबली आहे, आणि दादरला उतरून गेलेल्या कोणाची तरी आठवण आत अडकलेल्या माणसाला येत आहे, एवढाच विषय. चार महिने ज्याच्या भिंती उभ्या राहताना ऐकल्या, त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकावे तसे मला झाले. डोळ्यांत पाणी आले हे मी लपवले नाही.

त्याच्या संमतीने मुखड्याच्या दोन ओळी देतो:

गाडी थांबे पुलाखालती,
नाव तुझे मी घेतच नाही

गाणे प्रसिद्ध होईपर्यंत नाव मात्र देऊ नका, असे त्याने सांगितल्यामुळे ते येथे लिहीत नाही.

या प्रकाराला ‘पॉवर पॉप’ म्हणतात, असे तो म्हणाला. हा प्रकार नेमका कोणता आणि कुठून आला? माझ्यासारख्या भावगीत ऐकणाऱ्याला तो एवढा ओळखीचा का वाटावा? आणि अधिक नाजूक प्रश्न असा, की त्याने मला रविवारपर्यंत स्पष्ट अभिप्राय देण्यास सांगितले आहे. दुसऱ्या कडव्यातला एक शब्द तीनदा ऐकूनही मला लागला नाही. मला ‘सुखासुख’ असे काहीतरी ऐकू येत होते. मूळ ओळ ‘तुझी नि माझी चुकामूक ही’ अशी आहे. चार महिने राबलेल्या मुलाला हे सांगावे का, आणि सांगायचे तर कोणत्या शब्दांत? शिवाय त्याचे गाणे मला विकत घ्यायचे आहे. पैसे त्याच्याच हातात पडतील असा मार्ग कोणता?

चौथी तार

मुलुंडकर, तुम्ही फार चांगला धागा काढला आहे. मी वीस वर्षे हौसेने गिटार वाजवत आहे आणि या प्रकारावर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘पॉवर पॉप’ हा शब्द ‘द हू’ या इंग्लिश बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी १९६७ साली आपल्या बँडच्या संगीताचे वर्णन करताना वापरला. स्वतंत्र शैली म्हणून मात्र तिचा आकार सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाला. त्या काळात रॉक संगीत लांबत चालले होते; दहा-बारा मिनिटांची गाणी आणि त्यांत गिटारचे लांबलचक एकल वादन यांची चलती होती. अशा वेळी ज्यांना १९६४-६५ च्या बीटल्स आणि बर्ड्स या बँडच्या आटोपशीर गाण्यांची ओढ होती, अशा काही तरुणांनी ती बांधणी पुन्हा हाती घेतली, पण तिला नव्या अॅम्प्लिफायरचा जोर दिला. क्लीव्हलंडचे रासबेरीज, मेम्फिसचे बिग स्टार, आणि बीटल्सच्याच अॅपल कंपनीकडे असलेले स्वान्सीचे बॅडफिंगर हे बँड त्यांतले प्रमुख. ‘पॉवर’ म्हणजे ठणठणीत ड्रम आणि किंचित फाटलेल्या आवाजाची गिटार. ‘पॉप’ म्हणजे एकदा ऐकून लक्षात राहणारी चाल आणि एकाहून अधिक गळ्यांनी गायलेला मुखडा. यांतले एक जरी कमी पडले तरी गाणे दुसऱ्याच प्रकारात जाते. म्हणूनच हे ऐकायला सोपे आणि बांधायला अवघड आहे.

तुम्हाला ते ओळखीचे का वाटले याचे एक कारण माझ्या मते असे, की येथे चाल ही मालकीण असते. गिटारवादकाने आपले कौशल्य दाखवण्यासाठी गाणे थांबवायचे नाही, असा अलिखित नियम आहे. भावगीतातले व्हायोलिन किंवा बासरीचे तुकडे जसे शब्दांना वाट करून देतात आणि पुढच्या कडव्याच्या दारात आणून सोडतात, तसेच काम येथे गिटारचे छोटे तुकडे करतात.

त्यातला जो घंटेसारखा किणकिणणारा आवाज असतो तो अनेकदा बारा तारांच्या गिटारचा असतो. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी १९६४ मध्ये आणि त्यानंतर बर्ड्सच्या रॉजर मॅगविन यांनी रिकनबॅकर कंपनीच्या बारा तारांच्या गिटारने तो लोकप्रिय केला. त्यात तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत दुसरी तार एका सप्तकाने वर लावलेली असते आणि वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात असतात. पेटीला कपलर लावल्यावर एक पट्टी दाबली की वरच्या सप्तकातली पट्टीही वाजते आणि सूर भरल्यासारखा होतो, तो अनुभव आठवला की हे लगेच समजेल.

आणखी एक युक्ती या शैलीत पुन्हा पुन्हा भेटते. मध्यमावरच्या कॉर्डमध्ये म, ध आणि सा हे स्वर असतात. षड्जावर परतण्याच्या अगदी आधी त्यातला शुद्ध धैवत कोमल करायचा. एकच स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पण उजळ चाललेल्या गाण्यावरून ढगाची सावली सरकून जावी तसे वाटते. तुमचा वरच्या मजल्याचा कलावंत ‘घेतच नाही’ या शब्दांपाशी हेच करत असेल, असा माझा अंदाज आहे. शब्द हुरहुरीचे आणि चाल हसरी, हा या प्रकाराचा स्थायीभाव आहे.

एका बाबतीत मात्र मला शंका आहे. मी स्वतः मराठीत असे गाणे बांधण्याचा प्रयत्न दोन-तीनदा केला आणि सोडून दिला. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर आघात असतो आणि तो ड्रमच्या ठोक्यावर आपसूक बसतो. मराठीत तसा आघात नसल्यामुळे शब्द ठोक्यांवरून घसरतात. तो ‘चुकामूक’ ऐकू न येण्याचे कारण तेच असावे.

जुनी तबकडी

मी गिरगावात वाढले आणि घरात तबकड्यांचे वेड होते, म्हणून या विषयाकडे त्या बाजूने पाहते.

तीन मिनिटे दहा सेकंद ही लांबी योगायोगाची नाही. आपली जुनी भावगीते मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर निघत, आणि तिच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत असत. ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि मधले संगीत त्या मापात बसवताना आपल्या संगीतकारांना जी काटकसर शिकावी लागली, तीच काटकसर तिकडे आधी त्याच तबकडीने आणि १९४९ नंतर ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीने शिकवली. पॉवर पॉप हे त्या छोट्या तबकडीचे अपत्य आहे. मुलुंडकर, तुमच्या कानाला जे ओळखीचे वाटले ते माप आहे, असे मला वाटते. पाहुणा दारातून आत येताच बोलू लागतो आणि आपल्याला आणखी थोडा वेळ बसावा असे वाटत असतानाच उठतो.

चौथी तार यांनी बिग स्टारचा उल्लेख केला, त्यात एक भर घालते, कारण ती एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताला माहीत असावी. त्यांची पहिली तबकडी १९७२ मध्ये आली. समीक्षकांनी तिची वाखाणणी केली, परंतु वितरणाच्या घोळामुळे ती दुकानांपर्यंत नीट पोचलीच नाही. ज्यांनी परीक्षण वाचले त्यांना ती विकत घेता आली नाही. पुढच्या पिढीतल्या कितीतरी वादकांनी त्यांना गुरुस्थानी मानले, पण ते बँड मोडून गेल्यानंतर.

घरी बसून एकट्याने ध्वनिमुद्रण करण्याची परंपराही या प्रकारात जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न येथील एमिट ऱ्होड्स यांनी आई-वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये सगळी वाद्ये स्वतः वाजवून एक संपूर्ण तबकडी तयार केली. ती १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि लोकांना आवडली. दुर्दैवाने कंपनीशी झालेल्या करारात दर सहा महिन्यांनी नवी तबकडी देण्याची अट होती. एकट्याने सगळे करणाऱ्या माणसाला ते शक्य नव्हते आणि प्रकरण कोर्टात गेले. इलिनॉयमधल्या झायन या छोट्या गावातील ‘शूज’ या बँडने १९७७ मध्ये घरातल्या चार ट्रॅकच्या यंत्रावर आपली तबकडी मुद्रित करून स्वतःच प्रसिद्ध केली, आणि त्या बळावर त्यांना पुढे मोठ्या कंपनीचे दार उघडले. या गोष्टी त्या तरुणाला अवश्य सांगा. चार महिने एका गाण्याला लागले म्हणून तो स्वतःला मंद समजत असेल, तर तसे समजण्याचे कारण नाही.

आपल्या शहरात धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक संगीताचा महोत्सव भरत असे. तेथे मी जे ऐकले ते बहुतेक जड वजनाचे आणि इंग्रजी होते. पुढे रंगभवन शांतता क्षेत्रात आल्यामुळे तेथील मैफिली थांबल्या, २०१६ मध्ये काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे संगीताचे दुकानही बंद झाले, आणि दुकानात उभे राहून अनोळखी नाव ऐकण्याची माझी जागा गेली. छतातून नवा कलावंत सापडावा, हे भाग्य तुम्हाला लाभले आहे.

मुलुंडकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज वर जाऊन कोमल धैवताचे विचारले. त्याला सरगम येत नाही, पण त्याने गिटारवर तो कॉर्ड वाजवून दाखवला, आणि तो बरोबर ‘नाही’ या शब्दावरच आहे. मी पेटीवर तेच स्वर धरले तेव्हा त्याला फार आनंद झाला.

‘चुकामूक’ची जागा मी पुन्हा लक्ष देऊन ऐकली. त्या शब्दाच्या आरंभी ड्रमची मोठी झांज जोरात वाजते, आणि त्या कडव्यात त्याचा आवाज एकाऐवजी दोन माणसे एकदम गात असल्यासारखा येतो.

लघुगुरू

चौथी तार यांचे विवेचन मला आवडले. परंतु मराठी शब्द ठोक्यांवरून घसरतात, या विधानाशी मी सहमत नाही. मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आहे, तेव्हा वृत्ताच्या अंगाने थोडे पाहू.

‘गाडी थांबे पुलाखालती’ या ओळीच्या मात्रा मोजा. ‘गाडी थांबे’ याच्या आठ, ‘पुलाखालती’ याच्याही आठ. दुसऱ्या ओळीतही ‘नाव तुझे मी’ आठ आणि ‘घेतच नाही’ आठ. हे सरळ पादाकुलक आहे, सोळा मात्रांचे. आपला केरवा ताल आठ मात्रांचा, आणि रॉकमधला चार ठोक्यांचा एक बार, प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की, तोही आठ मात्रांचाच. त्या मुलाने कळत-नकळत मराठीतल्या सर्वांत रुळलेल्या वृत्ताला त्या बारमध्ये बसवले आहे. तेव्हा भाषा आणि ताल यांचे भांडण येथे मुळातच नाही.

आता ठोके पाहा. या प्रकारच्या संगीतात ड्रमचा चटका दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. ‘गाडी थांबे’ यात तो ‘डी’ आणि ‘बे’ यांवर पडतो, कारण चारही अक्षरे गुरू, म्हणजे दोन-दोन मात्रांची आहेत. सगळे सरळ आणि स्थिर, गाडीच्या चाकांसारखे. ‘पुलाखालती’ यात मात्र पहिले अक्षर लघू, म्हणजे एका मात्रेचे आहे. त्यामुळे ‘ला’ दुसऱ्या मात्रेवर सुरू होतो आणि चटका त्याच्या पोटात बसतो. ओळ किंचित पुढे झुकते, थांबता थांबता गाडीला गचका बसावा तशी. आणि ‘घेतच’ या शब्दात चटका ‘त’वर पडतो व लगेच पुढच्या मोकळ्या मात्रेत ‘च’ येतो. अर्थाचे सगळे वजन त्या ‘च’वर आहे, नाव घेत नाही असे नव्हे, घेतच नाही. तो ‘च’ गोंगाटाच्या नेमका नंतर, रिकाम्या जागेत ठेवला आहे म्हणून तो ऐकू येतो. आघात नसलेल्या भाषेचा हा तोटा नसून लाभ आहे. शब्द ठोक्याच्या थोडा आधी किंवा नंतर सरकवला तरी तो बिघडत नाही.

‘चुकामूक ही’ याचा साचा तंतोतंत ‘पुलाखालती’सारखाच आहे: लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. मग एक ऐकू येतो आणि दुसरा का नाही, याचे उत्तर मुलुंडकरांनीच दिले आहे. बारच्या पहिल्या मात्रेवर झांज आहे, आणि त्याच मात्रेवर ‘चु’ हे एका मात्रेचे इवलेसे अक्षर आहे. तेथे गुरू अक्षर असते तर झांजेखालून त्याचा अर्धा भाग तरी बाहेर आला असता. ‘पु’वर झांज नाही म्हणून तो वाचला.

मुलाला सांगायचे असेल तर असेच सांगा. ‘शब्द कळत नाही’ हे वाक्य कानाला दोषारोपासारखे लागते. ‘पहिल्या मात्रेवर तुझे अक्षर लघू आहे आणि नेमकी तेथेच झांज वाजते’ हे वाक्य कारागिराला कामाला लावते.

रात्रपाळी

मुलुंडकर काका, मी अंधेरीला ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. लघुगुरू बाईंनी जे सांगितले ते शंभर टक्के खरे आहे. त्याला तांत्रिक जोड देतो.

एकाच गळ्याने तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक ठेवायची, ही या शैलीतली नेहमीची रीत आहे. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी बीटल्ससाठी हेच काम टेपच्या साहाय्याने आपोआप करण्याची पद्धत काढली, इतकी तिला मागणी होती. तिच्यामुळे आवाज रुंद आणि चमकदार होतो, पण दोन्ही वेळची व्यंजने अगदी एकाच क्षणी कधीच पडत नाहीत. इंग्रजी ‘एस’ यात पसरतो, हे सर्वांना माहीत आहे. मराठीत अडचण जास्त आहे, कारण ‘चुकामूक’मधला ‘च’ दंततालव्य आहे. त्यात आधी ‘त’सारखा अटकाव आणि मागोमाग ‘स’सारखा घर्षणाचा आवाज असतो. दोन प्रती थोड्या मागेपुढे झाल्या की अटकाव पुसला जातो आणि घर्षण तेवढे उरते. तुम्हाला ‘सुखासुख’ ऐकू आले ते याचमुळे. तुमचे कान अगदी बरोबर आहेत. त्यात व्यंजने ओळखण्यासाठी लागणारी दोन ते चार हजार हर्ट्झची पट्टी झांज आणि फाटलेली गिटार यांनी आधीच भरून टाकलेली असते.

उपाय सोपे आहेत. त्या एका ओळीत दुसरी प्रत काढून एकच गळा ठेवावा, किंवा दुसऱ्या प्रतीतला फक्त ‘च’ कापून ‘उ’पासून ती सुरू करावी. झांज एक बार पुढे ढकलली तर उत्तमच. आवाजाची पातळी मात्र सरसकट वाढवू नये. या प्रकारात गळा गिटारांच्या मध्ये बसलेला असतो, वर तरंगत नाही, आणि त्याला बाहेर ओढला की गाणे सपाट होते. त्याला एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर आणि एकदा गर्दीच्या लोकलमध्ये ऐकून पाहायला सांगा.

खातेवही

पैशांबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे, ते देतो. माझा व्यवसाय हिशेबांचा आहे आणि काही कलावंतांचे काम मी पाहतो.

स्ट्रीमिंगवर तुम्ही गाणे कितीही वेळा ऐकलेत तरी सुरुवातीच्या काळात त्याच्या हाती फारसे काही पडणार नाही. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते. त्यामुळे तुमच्या सोसायटीतल्या लोकांनी ऐकणे निरर्थक नाही, पण त्याला विक्रीचा पर्याय समजू नये.

बँडकँपवर गाणे विकत घेता येते आणि डिजिटल विक्रीतून ते संकेतस्थळ १५ टक्के वाटा घेते, बाकी रक्कम व्यवहार-शुल्क वजा करून कलावंताला जाते. तेथे किमान किमतीपेक्षा अधिक देण्याचीही सोय आहे. परंतु कलावंताला पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेमार्फत मिळतात, आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले आहेत. दोघेही मुलुंडला असताना तो रस्ता तुमच्यासाठी गैरसोयीचा ठरेल. तुम्ही सरळ यूपीआयने रक्कम द्या आणि त्याच्याकडून उत्तम प्रतीची फाइल घ्या. ‘असू द्या काका’ असे तो म्हणेल; ऐकू नका. ड्रमच्या खोलीचे भाडे त्याने तासावर भरलेले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, तो गीतकार आहे, संगीतकार आहे आणि ध्वनिमुद्रणाचा मालकही आहे; कायद्याच्या दृष्टीने हे वेगवेगळे हक्क आहेत. गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचे रक्षण करणारी तरतूद २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने आली, आणि ती रॉयल्टी गोळा करण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते, जिची स्थापना १९६९ सालची असून कार्यालय मुंबईतच आहे. त्याने सभासदत्व घेऊन तिन्ही गाण्यांची नोंद करावी. उद्या एखाद्याने हे गाणे जाहिरातीसाठी मागितले, तर कागदावर सही करण्यापूर्वी कोणता हक्क दिला जात आहे, हे त्याने प्रत्येक हक्कासाठी स्वतंत्रपणे वाचावे.

चौथी तार

लघुगुरू, मी माझे विधान मागे घेतो. तुमचा प्रतिसाद वाचून मी माझी सोडून दिलेली तीनही गाणी काढून त्यांच्या मात्रा मोजल्या. एकाही ओळीत दोन्ही अर्ध सारखे नव्हते. मी आधी इंग्रजी ढंगाची चाल बांधून तिच्यात मराठी शब्द कोंबत होतो. आज रात्री एक गाणे पादाकुलकात नव्याने लिहायला घेतले आहे.

मुलुंडकर

रविवारचा वृत्तांत कळवणे माझे कर्तव्य आहे.

सकाळी दहाला तो आमच्याकडे पोहे खायला आला. मी आधी मला काय आवडले ते सांगितले, आणि ते सांगण्यासाठी माझ्याकडे आता शब्द होते: ‘घेतच’मधल्या ‘च’ला मिळालेली मोकळी जागा, ‘पुलाखालती’चा गचका, ‘नाही’वरचा कोमल धैवत. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, की ‘च’ची जागा त्याने ठरवून ठेवलेली नव्हती, फक्त ती हलवली की गाणे बिघडते एवढे त्याला जाणवत होते. त्यानंतर मी ‘चुकामूक’बद्दल लघुगुरूंच्या शब्दांत सांगितले आणि रात्रपाळी यांचा प्रतिसाद त्याला वाचायला दिला. त्याला वाईट वाटले नाही. स्वतः लिहिलेला शब्द असल्यामुळे त्याला तो प्रत्येक वेळी ऐकूच येत होता, असे तो म्हणाला; दुसऱ्या कोणाला तो ऐकू येत नसेल हे त्याच्या मनातही आले नव्हते.

रात्री साडेनऊला छतातून पुन्हा तीच ओळ सुरू झाली, एकट्या गळ्याची. पावणेअकराला तो हेडफोन घेऊन खाली आला. झांज त्याने पुढच्या बारवर नेली आहे आणि ‘तुझी नि माझी चुकामूक ही’ एवढीच ओळ एका आवाजात ठेवली आहे. मागची गिटारही तेथे क्षणभर थांबते. मी डोळे मिटून ऐकले. ‘चु’ पहिल्याच वेळी लागला. सौभाग्यवतींना काहीही न सांगता हेडफोन दिला आणि शब्द विचारला, तर त्यांनी तो बरोबर सांगितला.

पैसे मी यूपीआयने दिले. तो अपेक्षेप्रमाणे नको म्हणाला, आणि खातेवही यांच्या सल्ल्यानुसार मी ऐकले नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज आम्ही दोघे मिळून भरणार आहोत.

गाणे शुक्रवारी प्रसिद्ध झाले की त्याचे नाव आणि दुवा याच धाग्यावर देईन.